त्याच्या ‘दमलो’वर विश्वास कोणी ठेवायचा?

“मॅडम, प्रश्न डोंगराचा नाहीये. तो सगळं अर्ध्यात सोडून देतो, हा प्रश्न आहे.”

सहा वर्षांच्या एका मुलाचे बाबा माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलले. आई शेजारी होती, मांडीवर दीड वर्षाची धाकटी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन महिन्यांपूर्वी चौघं मिळून डोंगर चढायला गेले होते. धाकटी आईच्या पाठीवर, मोठा बाबांबरोबर. सुरुवातीला मुलगा नुसता पळत होता. तासाभराने तो दगडावर बसला आणि म्हणाला, “दमलो.” बाबा म्हणाले, “थोडंच राहिलंय.” हे पुढे चार-पाच वेळा झालं. मग बक्षिसाचं आमिष झालं, मग “बघ, छोटी तरी रडतेय का?” हेही झालं. शेवटी मुलाने पाय पसरून भोकाड पसरलं आणि सगळे परत फिरले. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी कपाटातून ते बूट निघाले, की त्याच्या पोटात दुखायला लागतं.

पोटात दुखतं म्हटल्यावर मी आधी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दुखणं मनातून आलेलं असेल असं कितीही वाटलं, तरी शरीर तपासल्याशिवाय ते गृहीत धरायचं नाही, हा माझा नेम आहे. तपासणीत काही निघालं नाही.

दुसऱ्या भेटीत मी मुलाशी एकट्याने बोलले. बोलले म्हणण्यापेक्षा आम्ही खोलीतल्या उशा आणि गाद्या रचून एक डोंगर केला. त्याने छोट्या बाहुल्या वर चढवायला घेतल्या. अर्ध्यावर थांबून त्याने मला विचारलं, “काकू, वर जाऊन दमलो, तर घरी कसं यायचं?”

मी हातातली उशी तशीच धरून बसले. दोन महिने घरात ज्याला ‘लवकर हार मानणारा’ म्हटलं जात होतं, तो मुलगा अनुभवी गिर्यारोहकाचा प्रश्न विचारत होता. डोंगर माथ्यावर संपत नाही. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, म्हणून थकलेले पाय उतारावरच जास्त दगा देतात. घसाऱ्यावर पाय सटकतो तो बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर. हे शास्त्र त्या मुलाला कुठून माहीत असणार? त्याला एवढंच कळलं होतं की पायातलं बळ संपत चाललंय, घर खाली लांब राहिलंय, धाकटीने आईची पाठ अडवली आहे, आणि ‘दमलो’ म्हटलं तर बाबांना ऐकू येत नाही.

तिसऱ्या भेटीत बाबांना मी हा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी तर त्याला सांगत होतो, वर पोचलो की संपलं.”

मी त्या दिवशीचा हिशेब विचारला. माथ्यापर्यंत ५ किलोमीटर वाट, ६०० मीटर चढ, आणि त्यांनी धरलेले दोन तास. हा हिशेब हवेतून आलेला नव्हता. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला आडाखा जवळपास हाच आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण तो धडधाकट मोठ्या माणसाचा आडाखा आहे, आणि त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नाही. सहा वर्षांच्या मुलाबरोबर मी तो निदान दुप्पट करायला सांगते, आणि दुप्पट केल्यावर दिवस पुरत नसेल तर डोंगर बदलायला सांगते. या कुटुंबाने निवडलेला डोंगर पहिल्या खेपेसाठी मोठाच होता. मी तसं स्पष्ट सांगितलं. पालकांना दुखवू नये म्हणून अशी गोष्ट गुळमुळीत सांगण्यात मुलाचं नुकसान असतं.

“पण मॅडम, सुरुवातीला तर तो माझ्याही पुढे पळत होता!” बाबा म्हणाले.

हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलं आहे की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. लहान मूल मोठ्या माणसासारखं एका लयीत चालत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या १५ मुलांच्या हालचाली दर तीन सेकंदांनी टिपल्या होत्या. जोरदार हालचालींपैकी निम्म्या ३ सेकंदांच्या आत संपत होत्या, आणि १५ सेकंदांच्या पुढे टिकणारी क्वचितच एखादी. म्हणजे धावणं, थांबणं, वाकून काहीतरी उचलणं, पुन्हा धावणं, ही मुलांच्या शरीराची स्वतःची चाल आहे. आपण त्याला ‘एका दमात चल’ म्हणतो तेव्हा त्याला न येणारी गोष्ट मागत असतो. ते पुढे पळतं यावरून त्याच्यात किती ताकद शिल्लक आहे ते कळत नाही. आणि दगड बघायला थांबतं तेव्हा ते वेळ वाया घालवत नसतं, विश्रांती घेत असतं.

आता त्या ‘थोडंच राहिलंय’विषयी. सहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास म्हणजे किती हे नीट उमगत नाही, पण बाबांचं ‘थोडंच’ चार वेळा खोटं ठरलं हे लख्ख उमगतं. पाचव्यांदा त्याने बाबांच्या शब्दावर विसंबणं सोडलं होतं. रडणं त्यानंतर सुरू झालं, हा क्रम बाबांच्या लक्षात आलाच नव्हता.

आईने मध्येच विचारलं, “उतरताना हे त्याच्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. त्याचा परिणाम झाला असेल का?”

“तुम्हाला त्याचा राग आला होता का?” मी बाबांना विचारलं.

“राग नाही,” ते म्हणाले. “लाज वाटत होती. वाटेत लोक बघत होते. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.”

हे कबूल करायला धैर्य लागतं. त्या क्षणापासून आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं असं मी मानते. मी त्यांना एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. एका टेबलावर जाड काच असते. अर्ध्या भागात काचेखाली लगेच पृष्ठभाग दिसतो, उरलेल्या भागात तो खाली गेलेला दिसतो, जणू पायरी तुटली आहे. १९८५ साली जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांना या टेबलावर ठेवलं आणि पलीकडे त्यांच्या आयांना उभं केलं. आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं ती ‘दरी’ ओलांडून गेली. चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. काच तीच, उंची तीच. पुढे जायचं की नाही हे बाळाने आईच्या चेहऱ्यावरून ठरवलं. आपला मुलगा सहा वर्षांचा आहे, पण अनोळखी वाटेवर तोही हेच करतो. त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्याने बाबांचा चेहरा वाचला, आणि डोंगर म्हणजे काय ते ठरवून टाकलं.

‘म्हणेल तेव्हा परत फिरलो तर तो हार मानायलाच शिकेल,’ ही भीती बाबांना होती, आणि हे वाचणाऱ्या अनेकांना असेल. माझं मत याच्या अगदी उलट आहे. डोंगरावर मुलाचं ‘दमलो’ हे सुरक्षेचं साधन आहे. ते बंद पाडलं तर आपण आंधळे होतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त असतो, म्हणून ते लवकर गार पडतं. पाठीवरच्या बाळाचं तर बघायलाच नको. वाहून नेणारी आई घामाघूम, आणि न हालणारं बाळ थंड पडत चाललेलं, हे सहज घडू शकतं. ज्या मुलाला ‘नखरे नकोत’ हे ऐकायची सवय आहे, ते बोटं बधिर झाली तरी सांगणार नाही.

पुढच्या सुट्टीत तीन हजार मीटरच्या वर राहायला जायचा या कुटुंबाचा विचार होता, म्हणून एक गोष्ट मी जरा कडक शब्दांतच सांगितली. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, आणि दीड वर्षाची मुलगी ‘डोकं दुखतंय’ म्हणून सांगू शकत नाही. ती खाणं सोडेल, खेळणार नाही, झोपणार नाही, चिडचिड करेल. उंचीवर अशा चिडचिडीचं दुसरं कारण समोर दिसत नसेल, तर ती उंचीमुळेच आहे असं धरून खाली यायचं. तिला हट्टी ठरवत बसायचं नाही. जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, असंही सांगितलं.

मग आम्ही घरासाठी तीन शब्द ठरवले: ‘जरा दमलो’, ‘खूप दमलो’, ‘आता खाली’. पहिल्याला पाणी आणि टेकणं. दुसऱ्याला बसणं, खाणं, बूट-मोजे बघणं. तिसऱ्याला वाद न घालता परत फिरणं. नियम मोठ्यांनाही लागू. आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघायची. त्या वेळी जिथे असू तिथून मागे वळायचं, माथा दहा पावलांवर दिसत असला तरीही.

“तो याचा फायदा घ्यायला लागला तर?” बाबांनी विचारलं. घेईल, मी म्हटलं. पहिल्या एक-दोन खेपांना खरंच ऐकतात का हे तो तपासून पाहील. त्यात एखादी टेकडी वाया जाईल. जाऊ द्या. कधी ‘दमलो’चा अर्थ ‘कंटाळलो’ असाही असतो. तेव्हा ‘ढोंग करतोस’ न म्हणता त्याला पुढची खूण शोधायचं काम द्यायचं.

पहिली खेप एका छोट्या टेकडीवर झाली. ‘आता खाली’ तो दहाव्या मिनिटाला म्हणाला. बाबा परत फिरले, आणि उतरताना त्याच्याशी गप्पा मारत आले. मला फोनवर हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती, पण त्यांनी शब्द पाळला होता.

दुसऱ्या खेपेला आई सगळ्यांच्या आधी म्हणाली, “मी जरा दमले.” मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मोठी माणसंही दमतात ही बातमी त्याला नवी होती. त्या दिवशी ठरलेली वेळ झाली तेव्हा माथा जवळ दिसत होता, आणि वर जाऊया म्हणून मुलगाच मागे लागला. बाबांनी घड्याळ दाखवलं आणि वळले. तो रुसला, पण खाली येईपर्यंत रुसवा टिकला नाही.

तिसऱ्या खेपेला सुरुवातीपासूनच कुरकुर होती. पूर्वी असते तर बाबांनी हात धरून ओढलं असतं. यावेळी ते गुडघ्यावर बसले, बूट काढला. मोजा गोळा होऊन टाचेखाली आला होता, कातडी लाल झाली होती. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर तो दीड तास चालला.

पोटदुखी त्याआधीच थांबली होती. उंचावरचा बेत त्यांनी धाकटी बोलायला लागेपर्यंत पुढे ढकलला. शेवटच्या भेटीत मुलाने पुन्हा उशांचा डोंगर रचला आणि बाबांना खाली बसवलं. बाहुली अर्ध्यावर आली तेव्हा थांबून त्याने विचारलं, “बाबा, तू दमलास?”

“जरा दमलो,” बाबा म्हणाले.

“मग बस,” तो म्हणाला, आणि बाहुलीलाही उशीवर बसवलं.