दोन अँटेना, एक रेडिओ, मधे काय लावायचं?

प्रश्न: माझ्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन आहे. २०१९ सारखा पूर परत आला तर शिरोळकडे बोलता यावं म्हणून राजारामपुरीत गच्चीवर १४५ मेगाहर्ट्झच्या दोन सारख्या यागी (एका दिशेला रोखायच्या अँटेना) उभ्या केल्यात. रेडिओ एकच, २५ वॅटचा. घरात केबल टीव्हीचा टू-वे स्प्लिटर पडलाय, तो उलटा लावला तर चालेल का? पुढं मित्राचा रेडिओपण ह्याच अँटेनांवर घ्यायचाय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तो स्प्लिटर ट्रान्समिटला अजिबात लावू नका हो, आतला फेराइट (चुंबकी गाभा) एवढासा असतो, टीव्हीच्या बारक्या सिग्नलसाठी केलेला, २५ वॅट गेले की तापणार आणि रेडिओला मॅच (दोन्हीकडचे ओहम जुळणं) मिळणार नाही ते वेगळंच.

तुमच्या दोन्ही यागींना एकच सिग्नल द्यायचाय, म्हणून काम सोपं आहे. ७५ ओहमच्या आरजी-११ केबलचे पाव वेव्हलेंथचे दोन तुकडे घ्या आणि टी कनेक्टरवर जोडा. हवेत पाव वेव्हलेंथ ५२ सेंमी होते पण केबलमधे सिग्नल हळू चालतो, व्हेलॉसिटी फॅक्टर ०.६६ असेल तर ३४ सेंमी पुरतं, फोमवाली केबल असेल तर तिचा आकडा बघून कापा. असा तुकडा यागीकडच्या ५० ओहमचे ११२ करतो, दोन समांतर आले की ५६, रेडिओला एवढं चालतं. पुढं यागीपर्यंतच्या ५० ओहमच्या केबली अगदी सारख्या लांबीच्या ठेवा, आणि केबलची मधली तार दोन्ही यागींवर एकाच बाजूला जोडा, नाहीतर समोरच्या दिशेला दोघींचे सिग्नल एकमेकाला मारतात. फायदा जास्तीत जास्त ३ डीबी (म्हणजे दुप्पट), प्रत्यक्षात थोडा कमीच.

मित्राच्या रेडिओचं मात्र वेगळं आहे, इथं बरेचजण फसतात. दुकानदार विल्किन्सन कंबाइनर (दोन रेडिओंचे सिग्नल एकत्र करणारा) दाखवेल, १९६० चं डिझाइन, चांगलंच आहे, पण त्यातला १०० ओहमचा रेझिस्टर थंड राहतो तो दोन्हीकडून सारखाच सिग्नल आला तरच. दोन रेडिओ वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलले की प्रत्येकाची निम्मी पॉवर त्या रेझिस्टरमधे जळते, म्हणजे २५ वॅटचे दोन रेडिओ एकदम चालू तर २५ वॅट नुसती उष्णता. वर आयसोलेशन (एका रेडिओचा सिग्नल दुसऱ्यात जाण्यापासून अडवणं) २० डीबी, म्हणजे शंभरावा भागच पलीकडे जातो असं धरलं तरी तुम्ही बोलताना मित्राच्या रिसीव्हरमधे पाव वॅट घुसणार, रिसीव्हरला ते फार झालं, बिघडूसुद्धा शकतो. पुराच्या वेळी रेडिओ गेला तर काय करणार? त्यापेक्षा चांगला कोएक्स स्विच (एका वेळी एकच रेडिओ अँटेनाला जोडणारा) बसवा आणि आळीपाळीनं बोला, आणि गच्चीवरचे सगळे जोड पावसाळ्याआधी सेल्फ-फ्यूजिंग टेपनं बंद करा.