‘सो आय मॅरीड ॲन ॲक्स मर्डरर’ या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची मते इतकी टोकाची का आहेत?
१९९३ च्या या चित्रपटात रहस्य नावापुरतेच असून सगळा भर मुख्य भूमिकेतील विनोदी अभिनेता माइक मायर्सच्या विनोदावर आहे, म्हणून मते विभागली जातात. सॅन फ्रान्सिस्कोतील कवी चार्ली मांसाच्या दुकानात काम करणाऱ्या हॅरिएटच्या प्रेमात पडतो आणि नवऱ्यांचे खून करून पसार झालेली स्त्री हीच असावी, असा संशय त्याला छळू लागतो. परंतु हा संशय गडद होण्याआधीच एखादा विनोदी प्रसंग मध्ये येतो. थरार शोधणाऱ्यांचा त्यामुळे विरस होतो, तर चार्लीच्या, मायर्सनेच रंगवलेल्या तऱ्हेवाईक स्कॉटिश वडिलांसाठी (माझ्या मते तेच खरे आकर्षण आहे) इतर प्रेक्षक तो पुन्हा पाहतात. चित्रपटगृहांत तो अपयशी ठरला, चाहते नंतर मिळाले. त्यामुळे आजची स्तुती बरीचशी चाहत्यांचीच आहे, हे मात्र ध्यानात घ्यावे.