टार स्टेप्स: वाहून गेलेला पूल जुनाच कसा?

तुमचे प्रश्न दोन. इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या एक्समूरमधला टार स्टेप्स हा दगडी पूल पुरात वाहून गेला होता म्हणे, मग आता आहे तो खरा जुना का? आणि सत्तरीच्या आईबाबांना त्यावरून चालता येईल का?

वाहून गेला हे खरं, आणि एकदाच नाही. १९५२च्या ऑगस्टमधल्या महापुरात, २०१२च्या डिसेंबरात, २०१६ला परत. पण नवा बांधलाय हे चूक. कोकणातला गडगा पाहिलाय ना, तसंच काम आहे हे: चुना नाही, कमान नाही. दगडावर दगड रचून खांब केलेत, त्यांवर आडव्या शिळा टाकल्यात. सतरा गाळे (दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा), लांबी साधारण ५५ मीटर. मोठ्या शिळा टन-दोन टनांच्या. जोराचा लोंढा आला की त्या निखळतात आणि खालच्या अंगाला पात्रात जाऊन पडतात. शिळांना नंबर दिलेले आहेत, त्यामुळे पाणी ओसरलं की शोधून, उचलून जागच्या जागी बसवतात.

पाण्यापेक्षा जास्त नुकसान ओंडके करतात. पूल ज्या बार्ल नदीवर आहे, ती पुरात अख्खी झाडं घेऊन येते, ती गाळ्यांत अडकली की मागे पाणी तुंबतं. म्हणून वरच्या अंगाला पोलादी दोर ताणलेत. २०१२मध्ये दोरही तुटले होते. खांबांच्या टोकांना तिरके टेकवलेले दगड आहेत, ते नक्की बघा. प्रवाहाचा मारा त्यांच्यामुळे कमी होतो.

वयाबद्दल ‘तीन हजार वर्षं जुना’ असंही वाचाल. बहुतेक जाणकार तो मध्ययुगीन मानतात आणि मलाही तेच पटतं. संरक्षणाचा दर्जा मात्र वरचा, ग्रेड वन, म्हणजे इंग्लंडमधल्या संरक्षित वास्तूंचा सर्वांत वरचा वर्ग.

आता आईबाबा. कठडा नाही, शिळांमध्ये फटी आहेत, पावसात शेवाळ्यावरून पाय सटकतो. हात धरून, कोरड्या दिवशी जमेल. पार्किंग वर टेकडीवर आहे. उतरताना काही वाटत नाही, परतताना चढ लागतो, त्यांचं त्राण त्यासाठी राखून ठेवा.

स्थानिक दंतकथेत हा पूल सैतानाने बांधला, ऊन खायला. पाद्र्याने आधी एक मांजर पुढे सोडलं, ते धुरात गायब झालं. मग तो स्वतः गेला, मधोमध दोघांची शिवीगाळ झाली आणि सैतान नमला. अट एकच, त्याला ऊन खायचं असेल तेव्हा कुणी पुलावर यायचं नाही. हल्ली उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यालाही जागा मिळायची नाही, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा.