घराजवळ टोर्नॅडो पाहिला आणि चित्रित केला आहे का? तो टोर्नॅडोच होता हे कसे ओळखले?

होय, एकदा पाहिला आहे, आणि त्याचे दोन-अडीच मिनिटांचे चित्रीकरणही माझ्याजवळ आहे.

मी रावेर तालुक्यात, तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या केळीच्या पट्ट्यात राहतो आणि आमचे घर मळ्यातच आहे. वावटळी आम्हाला नव्या नाहीत. वैशाखात नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात, आभाळ निरभ्र असताना, धूळ आणि पाचोळा घेऊन फिरणारे भोवरे दुपारी नेहमीच दिसतात. ही वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते आणि तिचा ढगाशी संबंध नसतो. टोर्नॅडो मात्र गडगडाटी ढगाच्या बुडाशी जोडलेला असतो. चक्रीवादळ ही तर तिसरीच गोष्ट आहे. ते समुद्रावर तयार होते आणि शेकडो किलोमीटर पसरते. म्हणून माझे चित्रीकरण गावभर ‘चक्रीवादळ’ म्हणून फिरले, याचे मला वाईट वाटले.

मे महिन्याच्या अखेरची, दुपारी साडेचारची वेळ होती. सातपुड्याकडून काळेभोर आभाळ चढत आले, वारा एकाएकी पडला आणि ढगाच्या बुडातून एक करडी सोंड खाली लोंबू लागली. तिच्या बरोबर खाली, शेतात, धुळीचे वर्तुळ गरगरत होते. मी मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो. सुरुवातीला सोंड विजेच्या खांबाच्या डावीकडून उजवीकडे सरकत होती. मग ती सरकेनाशी झाली आणि नुसती जाड होत गेली. वादळ जागीच थांबले, असे मला वाटले आणि मी चित्रण करत राहिलो. तेवढ्यात आई खालून ओरडली, ‘‘उतर खाली, ते इकडंच येऊन ऱ्हायलं!’’ आईचे बरोबर होते. जे बाजूला सरकत नाही आणि मोठे होत जाते, ते सरळ आपल्याच दिशेने येत असते. मी जिना उतरत असताना केळीची पाने फाटल्याचा आवाज आला, जणू कोणी धोतराची पाने एकामागून एक टरकावत आहे. आम्ही सगळे मधल्या खोलीत, दारे-खिडक्यांपासून दूर बसलो. ते विहिरीपलीकडून निघून गेले. गोठ्याचे चार पत्रे दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानात सापडले.

ओळखण्याचा खरा पुरावा मला बागेत मिळाला. केळीचे खोड म्हणजे एकमेकांवर गुंडाळलेले पानांचे देठच असतात आणि मुळे उथळ असतात, त्यामुळे घडाचे वजन असलेले झाड वाऱ्याने सहज कोसळते आणि ज्या दिशेने ढकलले गेले त्याच दिशेला पडून राहते. आमची मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली केळी, कापणीवर आली होती. सुमारे चाळीस पावले रुंदीच्या एका पट्ट्यात दोन्ही कडांची झाडे आत, एकमेकांकडे तोंड करून पडली होती, म्हणजे तिथे वारा गरगरत आत ओढला गेला होता, आणि हे टोर्नॅडोचे काम. दोन शेते पलीकडे मात्र सगळी झाडे एकाच दिशेला, दक्षिणेकडे आडवी झाली होती. ते ढगातून खाली कोसळून सरळ पसरलेल्या वाऱ्याचे काम. दोन्ही प्रकारचे नुकसान एकाच ढगाने, एकाच दुपारी केले होते. भारतात टोर्नॅडो दुर्मीळ असले तरी होतात: 17 मार्च 1978 रोजी दिल्लीत आणि 24 मार्च 1998 रोजी ओडिशा-बंगालच्या सीमेवर ते झाले होते. आमच्याकडचा त्यांच्या मानाने अगदी लहान होता.

चित्रीकरणाविषयी सांगायचे, तर मोबाइल आडवा धरावा, झूम टाळावा आणि खांब, घर किंवा झाड यांपैकी काहीतरी स्थिर चौकटीत ठेवावे. माझ्या चित्रात तो खांब नसता, तर सोंड कोणत्या क्षणी आमच्याकडे वळली हे नंतर कळलेच नसते. वेळ आणि दिशा तोंडाने बोलून ठेवावी. गच्चीवर मात्र कधीही जाऊ नये. माझ्या डोक्यावर त्या वेळी विजाही कडाडत होत्या. पंचनाम्याच्या वेळी हे चित्रण मला फार उपयोगी पडले, पण दाखवताना मोबाइलमधली मूळ फाइलच दाखवावी लागली, कारण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत चित्रणाची मूळ वेळ राहत नाही.