५०० जीबीची साटा एसएसडी ९२ टक्के भरली आहे: बदलावी की सांभाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५०० जीबीची साटा एसएसडी (चिपांवर डेटा साठवणारी, साटा केबलने जोडायची ड्राइव्ह), क्यूएलसी प्रकारच्या चिपांची आणि स्वतःची वेगवान डीरॅम मेमरी नसलेली. विंडोजही त्यावरच, आणि ती ९२ टक्के भरलेली. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सुरुवातीला ४५० एमबी प्रति सेकंद दिसतात आणि वीस-पंचवीस सेकंदांत वेग ६०-७० वर येतो. ७००० एमबी प्रति सेकंदवाली एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी, जास्त वेगवान एसएसडी) घेतली तर दुखणं जाईल का? आणि दर महिन्याला डिफ्रॅग करा (म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावून घ्या), असा सल्ला मिळालाय, तो पाळावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. हार्ड डिस्कमध्ये विखुरलेले तुकडे गोळा करायला डोकं इकडून तिकडे फिरावं लागतं, म्हणून डिफ्रॅगचा उपयोग. एसएसडीत फिरणारं काही नाही. शिवाय फाइल 'सलग' आहे असं विंडोजला दिसलं तरी आतला कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप) ती चिपांवर स्वतःच्या सोयीने पसरवूनच ठेवतो. डिफ्रॅगने हाती काही लागत नाही, उलट लिखाण फुकट खर्च होतं.

आता वेग का पडतो ते. क्यूएलसी म्हणजे एका सेलमध्ये (डेटाच्या सगळ्यात छोट्या कप्प्यात) ४ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या १६ पातळ्या अचूक ओळखायच्या. टीएलसी या दुसऱ्या प्रकारात ३ बिट आणि ८ पातळ्या. पातळ्या जितक्या जास्त, तितकं लिहिणं सावकाश आणि झीज लवकर. यावर तोड म्हणून कंट्रोलर रिकामे सेल तात्पुरते एक-बिटी पद्धतीने वापरतो. यालाच एसएलसी कॅशे म्हणतात. सुरुवातीचे तुमचे ४५० एमबी या कॅशेचे. ती भरली की ड्राइव्हला खऱ्या क्यूएलसी वेगाने लिहावं लागतं, आणि शिवाय कॅशेतला माल मागे हलवत राहावं लागतं.

बहुतेक स्वस्त ड्राइव्हमध्ये ही कॅशे रिकाम्या जागेतूनच काढलेली असते. ५०० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबी दिसते. त्यातली ८ टक्के रिकामी म्हणजे ३७ जीबी. चार-बिटी जागा एक-बिटी वापरली की क्षमता चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणजे कॅशे जेमतेम ९ जीबी. ४५० एमबी प्रति सेकंदाने ९ जीबी भरायला वीस सेकंद लागतात, आणि तुमचा वेग नेमका तिथेच कोसळतोय. म्हणजे ड्राइव्ह बिघडलेली नाही, तिला श्वास घ्यायला जागा नाही.

भरलेल्या ड्राइव्हचा दुसरा त्रास त्याहून खोल आहे. फ्लॅश मेमरीत लिहिता येतं पेजवर, म्हणजे साधारण १६ केबीच्या तुकड्यावर. पुसता मात्र येतो अख्खा ब्लॉक, जो कित्येक एमबींचा असतो. ब्लॉकमधली निम्मी पेजेस कामाची आणि निम्मी टाकाऊ असतील, तर कामाची दुसरीकडे हलवून मगच ब्लॉक पुसता येतो. मोकळी जागा भरपूर असेल तेव्हा हे काम कंट्रोलर निवांत वेळी उरकतो. जागा कमी असली की तुमचं लिखाण थांबवून करतो. तुम्ही १ जीबी लिहिलात आणि आत प्रत्यक्षात ३ जीबी लिहिले गेले, असं होऊ शकतं. वेग आणि आयुष्य दोन्ही यात जातात.

म्हणून नवीन काही घेण्याआधी एक प्रयोग करा. किमान १०० जीबी रिकामे करा. डाउनलोड, जुने व्हिडिओ, व्हर्च्युअल मशीनच्या फाइली हार्ड डिस्कवर हलवा. मग विंडोजच्या शोधात 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा. नाव फसवं आहे, पण एसएसडी निवडून 'ऑप्टिमाइझ' दाबलं की मुख्यतः ट्रिम पाठवलं जातं, म्हणजे कोणती जागा आता टाकाऊ आहे ते ड्राइव्हला सांगितलं जातं. 'मीडिया टाइप'च्या रकान्यात 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलंय याची खात्री करा. तिथे चुकून 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसत असेल तर ऑप्टिमाइझ दाबू नका, कारण मग खरोखरचं डिफ्रॅग होईल. त्यानंतर संगणक तासभर चालू पण रिकामा ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. मग तीच मोठी फाइल पुन्हा कॉपी करून बघा. कॅशे मोठी झालेली असेल आणि वेग बराच उशिरा पडेल. विंडोजमध्ये हे ऑप्टिमाइझ मुळात आठवड्याला आपोआप चालतं. कुणी 'एसएसडी ट्वीक' म्हणून बंद केलं असेल तर चालू करा. लिनक्सवर सिस्टिमडीचा एफएसट्रिम टायमर हेच काम करतो. मात्र लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) कुलूपबंद केलेल्या विभाजनावर ट्रिम मुळात अडवलेलं असतं, तिथे परवानगी वेगळी द्यावी लागते.

एवढं करून भागत नसेल तर बदला. पण ७००० चा आकडा बघून नव्हे.

तो आकडा सलग वाचनाचा, एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत लावून मोजलेला असतो. संगणक सुरू होणं, ब्राउझर उघडणं, प्रोग्रॅम लोड होणं यांत ड्राइव्ह बहुतेक वेळ ४ केबीचे सुटे तुकडे एकामागून एक वाचत असते. या कामात हार्ड डिस्क १ एमबी प्रति सेकंदाच्या आसपासही पोचत नाही, साटा एसएसडी ३०-४० देते आणि चांगली एनव्हीएमई ६०-९०. म्हणजे हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर येताना पडतो तो दुप्पट-अडीचपट, आणि तोही प्रोसेसरच्या कामात बराचसा झाकला जातो. ३५०० आणि ७००० मधला फरक तर मोठे व्हिडिओ एका वेगवान ड्राइव्हवरून दुसऱ्या वेगवान ड्राइव्हवर हलवणाऱ्यालाच कळेल. तुमची दुसरी डिस्क १५० एमबी प्रति सेकंदवाली हार्ड डिस्क असेल, तर कॉपी १५० नेच होणार.

तुलना करताना मी या क्रमाने बघेन. पहिलं, टीएलसी की क्यूएलसी. विंडोज ज्यावर ठेवणार ती ड्राइव्ह टीएलसीच हवी. खेळ किंवा सिनेमे साठवायला क्यूएलसी चालते, कारण तिथे एकदा लिहून पुष्कळदा वाचायचं असतं. दुसरं, डीरॅम. कोणता डेटा कोणत्या चिपवर कुठे आहे, याचा नकाशा कंट्रोलरला सतत लागतो. दर ४ केबीला ४ बाइटची नोंद धरली तर १ टीबीसाठी तो साधारण १ जीबीचा होतो. म्हणून चांगल्या ड्राइव्हवर तेवढी डीरॅम असते. डीरॅम नसलेली एनव्हीएमई संगणकाच्या रॅममधला छोटासा भाग उसना घेते, साधारण ६४ एमबीच्या आसपास, आणि घरगुती कामाला तो पुरतो. साटामध्ये ही उसनवारीची सोयच नाही. त्यामुळे डीरॅम नसलेली साटा सगळ्यात वाईट, आणि तुमच्याकडे नेमकी तीच आहे. एनव्हीएमई घेत असाल तर डीरॅमवर अडून बसू नका, टीएलसीवर मात्र बसा.

तिसरं टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिखाण धरलंय ते. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओला १ टीबीमागे ६०० आहे, क्रूशियलच्या क्यूएलसीवाल्या पी३ ला २२०. आकड्यात जवळपास तिपटीचा फरक दिसतो, पण रोज ३० जीबी लिहिलेत तरी वर्षाला ११ टीबी होतात, म्हणजे २२० संपायला वीस वर्षं लागतील. घरच्या वापरात ड्राइव्ह लिहून लिहून मरत नाही. कंट्रोलर, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा वीज यापैकी काहीतरी तिला आधी गाठतं. तेव्हा पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) बंद करा, हायबरनेशन बंद करा, ब्राउझरची कॅशे हार्ड डिस्कवर हलवा, हे जुने सल्ले सोडून द्या. वेगासाठी एसएसडी घ्यायची आणि वेग लागतो तीच कामं तिच्यावरून काढायची, हे मला कधी पटलेलं नाही.

एक सावधगिरी: नाव तेच ठेवून आतल्या चिपा बदलण्याची खोड बऱ्याच कंपन्यांना आहे. क्रूशियल पी२ बाजारात आली तेव्हा टीएलसी होती, पुढे त्याच नावाने क्यूएलसी आली. त्यामुळे जुन्या परीक्षणातले आकडे आजच्या ड्राइव्हला लागू होतीलच असं नाही. अलीकडची चाचणी बघा, आणि त्यातही कॅशे संपल्यानंतरचा लिहिण्याचा वेग कुणी मोजलाय का ते शोधा. बाकी सगळ्या आलेखांपेक्षा तो एक आलेख जास्त सांगतो.

घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. एम.२ हे नुसतं आकाराचं नाव आहे; २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. त्या खाचेत साटा चालते, एनव्हीएमई चालते की दोन्ही, हे मॅन्युअलच सांगेल. काही बोर्डांवर एम.२ खाच वापरली की एखाद-दोन साटा पोर्ट बंद पडतात. 'नवी ड्राइव्ह लावली आणि हार्ड डिस्क गायब झाली' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. पीसीआयई (एनव्हीएमई ज्यावरून बोलते तो मार्ग) ४ ची ड्राइव्ह ३ च्या खाचेत बिनदिक्कत चालते, फक्त वेग ३५०० च्या आसपास अडतो.

बदलण्याची कृती:

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत तिसऱ्याच ठिकाणी घ्या. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं स्थगित करा.

२. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनी ड्राइव्ह एमबीआर आहे की जीपीटी (विभाजनांची नोंद ठेवण्याची जुनी आणि नवी पद्धत) ते पाहा. एनव्हीएमईवरून सुरू व्हायला यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) आणि जीपीटी लागतं. एमबीआर असेल तर विंडोज १० आणि ११ मध्येच असलेलं एमबीआर-टू-जीपीटी साधन डेटा न पुसता रूपांतर करतं. नंतर बायोसमध्ये लेगसी मोड बदलायला विसरू नका.

३. संगणक बंद करा, वीज काढा. ड्राइव्ह सुमारे ३० अंशांच्या कोनात खाचेत पूर्ण सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू चिमुकला असतो, जोर लावू नका. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढा. ती तशीच राहिली की ड्राइव्ह तापते आणि दोष हीटसिंकला जातो.

४. क्लोन करा, म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत नव्यावर उतरवा. सी विभाजनाच्या लगेच मागे रिकव्हरी विभाजन असतं. जसंच्या तसं क्लोन केलं तर ते मध्ये येतं आणि सी वाढवता येत नाही, म्हणून क्लोन करतानाच सीचा आकार वाढवून घ्या.

५. पहिल्यांदा सुरू करताना जुनी ड्राइव्ह काढून ठेवा. दोन्ही लावून सुरू केलं तर विंडोज कुठून उठलं ते कळत नाही, आणि महिन्याभराने जुनी पुसल्यावर संगणक सुरूच होत नाही.

देखभाल फार नाही. दर दोन-तीन महिन्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. त्यातले कच्चे आकडे सोळा-आधारी असतात, पर्यायांतून ते दशमान करा, नाहीतर उगीच घाबरायला होतं. एनव्हीएमईत 'पर्सेंटेज यूज्ड' म्हणजे झीज. १०० झाली म्हणून ड्राइव्ह त्या दिवशी मरत नाही. 'अव्हेलेबल स्पेअर' १०० वरून घसरू लागला, किंवा 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्यावरून हलला, तर बॅकअप त्याच दिवशी. साटा ड्राइव्हवर सीआरसी त्रुटी (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) वाढत असतील तर आधी केबल बदला, दोष बहुधा तिचाच असतो. 'अनसेफ शटडाउन्स' भराभर वाढत असतील तर यूपीएस लावा. घरगुती ड्राइव्हमध्ये वीज जाताना हातातलं काम पुरं करण्याइतके कपॅसिटर नसतात, आणि आतला नकाशा अर्धवट लिहिला गेला तर पूर्ण ड्राइव्ह दिसेनाशी होऊ शकते.

तापमान: रिकामी असताना ३५ ते ५०, जोरात काम करताना ६० ते ७५ अंश ठीक. ८० च्या आसपास बहुतेक ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करतात. पीसीआयई ५ च्या ड्राइव्हला हीटसिंक हवाच, ३ च्या ड्राइव्हला बहुधा नको.

फर्मवेअरकडे लोक बघतच नाहीत. क्रूशियलच्या एम४ मध्ये ५,१८४ तास वापर झाल्यावर ड्राइव्ह अडकण्याचा दोष होता, तो २०१२ साली फर्मवेअरनेच सुटला. सॅमसंगच्या ८४० ईव्हीओमध्ये फार दिवस न हललेला डेटा वाचायला अतिशय मंद होत असे. २०१४ पासून त्यावरही फर्मवेअरच आलं. वर्षातून दोनदा कंपनीचं साधन उघडून बघा. अपडेटआधी बॅकअप घ्या, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच करा.

एसएसडी हार्ड डिस्कसारखी खडखड करून इशारा देत नाही. आज चालते, उद्या बायोसमध्ये दिसतच नाही. ट्रिम झालेली पुसलेली फाइलही सहसा परत मिळत नाही. म्हणून दुसरीकडे प्रत हवी. ड्राइव्ह अचानक फक्त वाचता येऊ लागली, लिहिता येईना, तर रीस्टार्ट करण्याआधी डेटा बाहेर काढा.

तुमची जुनी ५०० जीबी फेकू नका. बायोसमधून किंवा कंपनीच्या साधनातून सिक्युअर इरेज (ड्राइव्हलाच स्वतःला पूर्ण पुसायला सांगणारी आज्ञा) करा. शून्यं लिहून पुसणारे प्रोग्रॅम वापरू नका, ते राखीव जागेपर्यंत पोचत नाहीत आणि लिखाण वाया घालवतात. मग खेळांसाठी किंवा यूएसबी केसमध्ये वापरा. फक्त कायमचा साठा म्हणून कपाटात ठेवू नका. घरगुती ड्राइव्हसाठी जेडेकचा (चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) निकष असा की, ठरलेलं लिखाण पूर्ण संपल्यानंतर विजेविना ३० अंशांवर डेटा एक वर्ष टिकावा. कमी झिजलेल्या ड्राइव्हवर तो जास्त टिकतो, पण लग्नाचे फोटो ठेवायला हार्ड डिस्कच बरी.