एमडी झाली तरी रविवारी वर्गात? कुडाळच्या गुरुजींच्या पत्राला उत्तर

या वेळी एकच पत्र घेतेय, कारण उत्तर लांबणार आहे हे लिहायला बसल्याबसल्याच कळलं.

पत्र आहे कुडाळ तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं. थोडक्यात असं, की मुलगी २०१८ साली एमडी मेडिसिन झाली, सरकारी सेवेचा बॉण्ड पुरा केला, आता चार वर्षं कुडाळातच स्वतःचं क्लिनिक आहे, आठ-दहा खाटा आहेत, प्रॅक्टिस बरी चालते. पण महिन्यातले दोन रविवार ती सीएमईला, म्हणजे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना, जाते. कधी कोल्हापूर, कधी पणजी, कधी रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून मुंबई, आणि फी स्वतःच्या खिशातून. बरोबरीच्या डॉक्टरांना म्हणे कंपन्या हॉटेलात नेऊन ठेवतात. घरी पाच वर्षांचा नातू आहे, तो रविवारी आजीकडे. आजी रोज विचारते, "ह्या चेडवाचा शिक्षाण संपतला तरी कधी?" गुरुजींचे प्रश्न तीन. एक, एवढं शिकायचंच आहे तर सरळ डीएम कार्डिओलॉजी, म्हणजे एमडीच्या पुढची हृदयाची पदवी, करायला सांगू का. दोन, कौन्सिलचे ३० पॉइंट एका फटक्यात करून मोकळं होता येत नाही का. तीन, दीड लाखाची एक ऑनलाइन फेलोशिप आहे, परदेशी युनिव्हर्सिटीचं नाव आहे, पहिला हप्ता या महिन्यात भरायचाय, भरू का.

गुरुजी, नमस्कार. आधी दुसरा प्रश्न घेते कारण तो सोपा आहे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्याला सीएमईतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. देशपातळीवर डॉक्टरांची २००२ ची जी आचारसंहिता आहे तिच्यातही हेच, पाच वर्षांत ३० तास. आता तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हीच भागून बघा, महिन्याला अर्धा तास होतो. रोजचा पेपर वाचायला तुम्ही याच्यापेक्षा जास्त वेळ देत असाल. त्यामुळे पॉइंट ही काही अडचणच नाही, महिन्याला दोन रविवार जाणाऱ्या माणसाचे ते केव्हाच होऊन गेलेले असतील. म्हणजे ती पॉइंटसाठी जात नाहीये हे तुमच्याच पत्रातून उघड आहे.

आणि पॉइंटवाली सीएमई कशी असते ते तुम्हाला मी काय सांगायचं. तुमची गट संमेलनं आठवा. सकाळी मस्टरवर सही, मग पोहे, मग कोणीतरी साहेब येऊन तासभर बोलणार, मागच्या बाकावर कोणी पगारबिलं लिहितोय, दुपारी जेवण, प्रमाणपत्र, घरी. सोमवारी वर्गात गेल्यावर तुम्ही आधी जसं शिकवत होता तसंच शिकवत होता की नाही? डॉक्टरांचंही अगदी तेच होतं, फक्त पोह्यांच्या जागी बुफे असतो. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. १९९९ साली जामा नावाच्या अमेरिकन जर्नलमध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले होते, आणि निघालं काय, तर नुसती भाषणं ऐकून डॉक्टरांची प्रॅक्टिस फारशी बदलत नाही. जिथे हाताने करायला लावतात, केस देऊन विचारतात, चर्चा करायला लावतात, तिथे बदलते. इंग्लंडात २०१२ पासून जे रिव्हॅलिडेशन, म्हणजे डॉक्टरांच्या परवान्याची फेरतपासणी, सुरू आहे त्यात म्हणूनच नुसते तास मोजत नाहीत, दरवर्षी कामाचं अप्रेजल असतं आणि पेशंट नि सहकारी काय म्हणतात तेही बघतात.

मग एमडी झाल्यावर शिकायचं तरी कशाला, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न. तुमची मुलगी २०१८ ला पास झाली ना, तेव्हा डॅपाग्लिफ्लोझिन ही गोळी तिला मधुमेहाची म्हणून शिकवली असणार. २०१९ साली पेशंटवरची मोठी चाचणी, म्हणजे ट्रायल, आली आणि कळलं की हार्ट फेल्युअरच्या पेशंटला ती शुगर नसली तरी उपयोगी पडते. मग त्याच जातीची एम्पाग्लिफ्लोझिन आली, हार्टला आणि पुढे किडनीलाही. ती महाग होती, एक गोळी साठेक रुपयांना, कुडाळच्या शेतकऱ्याला रोज कुठली परवडणार. २०२५ च्या मार्चमध्ये तिचं पेटंट संपलं आणि आपल्या कंपन्यांच्या गोळ्या दहा रुपयांच्या आत आल्या. म्हणजे बघा, सात वर्षांत आजार तोच, पेशंट तोच, पण औषध कोणाला द्यायचं ते बदललं आणि परवडतं का तेही बदललं. ज्या डॉक्टरने २०१८ ला पुस्तक मिटलं त्याच्या पेशंटला यातलं काहीच मिळणार नाही, आणि मिळालं नाही हे पेशंटला कधी कळणारही नाही.

आणि अनुभवाने सगळं येतं असं आपण समजतो, त्याचंही एक सांगते. २००५ मध्ये अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या जर्नलमध्ये एक आढावा आला होता, प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तशी ट्रीटमेंटची क्वालिटी वाढते का असा. अर्ध्याहून जास्त अभ्यासांमध्ये उलटंच दिसलं, वर्षं वाढली तशी क्वालिटी खाली. केस पांढरे झालेला डॉक्टर बघून आपण निर्धास्त होतो, असो.

आता डीएमचं. गुरुजी, यात मी तुमच्याशी सहमत नाही, स्पष्टच सांगते. डीएम कार्डिओलॉजी म्हणजे आधी नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षं दुसऱ्या गावात हॉस्पिटलातली रेसिडेन्सी, तीही नातू पाच वर्षांचा असताना, आणि ते झाल्यावर अँजिओग्राफीची कॅथलॅब जिथे तिथे राहायचं. ती कुडाळात परत येणार नाही हे धरून चाला. तिला हृदयाचंच काम आवडत असेल तर जरूर करू दे, पण ते तिने म्हणायला हवं, आणि तुमच्या पत्रात ती तसं म्हटल्याचं एका शब्दाने नाही. तुम्हाला वाटतंय की एमडी म्हणजे अर्धवट थांबलेली गाडी. तसं नसतं हो. तालुक्याच्या फिजिशियनकडे काय काय येतं बघा. सकाळी शुगर-बीपी, दुपारी लावणीच्या चिखलातून आलेला लेप्टोचा ताप, रात्री फुरसं चावलेला. सुपरस्पेशालिस्टकडे पेशंट छापील लेबल लावून येतो, हिच्याकडे नुसता "ताप इलो" म्हणून येतो. २०१६ साली तुमच्याच जिल्ह्यात, दोडामार्गात, गोचिडीतून पसरणारा माकडताप आला तेव्हा तो पहिल्यांदा कोणाकडे गेला असेल? ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, कोणालाही डेंग्यूच वाटणार. रानात माकडं मरतायत का, काजूच्या बागेत गेला होतास का, गोचीड चावली का, हे विचारायचं सुचायला आधी कुठेतरी ऐकलेलं लागतं. हा आजार कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला, पुस्तकात त्याच्या दोन-चार ओळी, परीक्षेला आला तर एका मार्काला.

आणि एमडी मेडिसिनवर थांबलेल्या माणसाचंच नाव घ्यायचं तर तुमच्या कोकणातलंच आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचवाने माणसं पटापट मरत होती, त्यांनी खाटेशेजारी बसून एकेका पेशंटचं लिहून ठेवलं, आणि १९८६ मध्ये त्यांचा नि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधाचा लेख लॅन्सेट या नावाजलेल्या जर्नलमध्ये आला, तो महाडहून. २०११ साली बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये विंचवाच्या विषावरच्या लसीची ट्रायलही त्यांनीच छापली, २०२२ ला पद्मश्री. बाकीचे डॉक्टर सीएमईला जाऊन जे शिकतात त्यातलं काही त्यांच्या वहीतून निघालंय.

वही म्हटल्यावर तुमच्या मुलीला द्यायचा निरोप आठवला. मला वाटतं ती थोडी जास्तच धावतेय. दोन रविवार, कोल्हापूर-पणजी-मुंबई, जो विषय असेल तो. त्यापेक्षा एक साधी दोनशे पानी वही करायची आणि ओपीडी संपली की त्यात त्या दिवशी जे आलं नाही ते लिहायचं. निदान चुकलं, डोसला अडकले, पाठवायला उशीर झाला, काहीही. तीन महिन्यांनी वहीच सांगते की कुठल्या रविवारी कुठे जायचं. थायरॉइडचं एकही पान नसेल तर थायरॉइडच्या सीएमईला नाही गेलं तरी चालतं, हॉटेल कितीही चांगलं असो. माझ्याकडे येणाऱ्या एका फिजिशियनताईंच्या वहीत सर्पदंशाचं एकच पान होतं. रक्त गोठतंय का बघायची ती २० मिनिटांची टेस्ट असते ना, काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन न हलवता ठेवायचं आणि २० मिनिटांनी तिरकी करून बघायची, तर त्यांच्याकडे सिस्टर ट्यूब साबणाने धुऊन पुन्हा वापरायच्या. साबणाचा अंश राहिला की काचेवर रक्त नीट गोठतच नाही, आणि गोठलं नाही म्हणजे विष चढलं असं समजून विषावरची लस सुरू. एका वर्कशॉपला त्यांना ट्यूब हातात देऊन करायला लावलं तेव्हा हे लक्षात आलं. लेक्चरला त्या स्लाइडवर कोणी अर्धं मिनिट थांबलं नसतं. आता त्यांच्याकडे नव्या काचेच्या ट्यूबचा खोका असतो, बस, सगळा खर्च एवढाच.

दुसरं, पेशंट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला पाठवला की पुढे काय निघालं ते फोन करून विचारायचं आणि त्याच पानावर लिहायचं. हे फुकट आहे आणि याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही मला माहीत नाही, पण करतात फार थोडे, कारण चुकलेलं ऐकायला कोणाला आवडतं. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीचे चार-पाच फिजिशियन महिन्यातून एकदा रात्री जेवायला बसले आणि प्रत्येकाने एक फसलेली केस सांगितली तर मुंबईच्या निम्म्या खेपा वाचतील. (त्याला पॉइंट मिळणार नाहीत, पॉइंट मान्यता घेतलेल्याच कार्यक्रमाला मिळतात, पण पॉइंटचं वर झालंच बोलून.)

वाचायला असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचं जर्नल आहे, त्यांची वर्षाची ॲपिकॉन ही परिषद असते, तिला एकदा जाऊन येणं पुरे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो फुकट आहेत, एकेका आजाराचं एकेक पान, ते प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवण्यासारखे. एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवायचं ट्रेनिंग, केलेलं असेल तर तारीख बघा, ते दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. इको किंवा बेडसाइड सोनोग्राफी शिकायची तिची इच्छा असेल तर नक्की शिकू दे, पण आधी वर्कशॉप, मग पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याचं, रजिस्ट्रेशन, मग मशीन. लोक उलट्या क्रमाने करतात आणि मग वकील शोधतात.

कंपन्यांच्या हॉटेलबद्दल तुम्ही जरा हळहळून लिहिलंय, की आमचीच भोळी. गुरुजी, ती भोळी नाही, ती नियमाने वागतेय. कंपनीकडून प्रवास-हॉटेल घ्यायचं नाही हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००९ पासून आहे, आणि २०२४ मध्ये सरकारने औषध कंपन्यांसाठी जी संहिता आणली तिच्यात कंपन्यांनाही तेच सांगितलंय, स्पीकर सोडून बाकी डॉक्टरांचं तिकीट-हॉटेल करायचं नाही, आणि परदेशात तर कार्यक्रमच घ्यायचे नाहीत. शिवाय ज्याच्या हॉटेलात झोपलो त्याचीच गोळी सोमवारी पेनातून उतरते, हे कळायला संहिता कशाला लागते. तिने फी स्वतः भरली म्हणून ती कुडाळात दहा रुपयांची गोळी लिहू शकते.

आता ती दीड लाखाची फेलोशिप. यात मी स्वतः तोंडघशी पडलेय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका डॉक्टरांना मी अशाच एका कोर्सला हो म्हटलं होतं, ब्रोशरवरचा परदेशी लोगो बघून, आत काय आहे ते नीट न वाचता. त्यांनी पैसे भरले, रेकॉर्ड केलेली लेक्चरं ऐकली, एकही पेशंट बघितला नाही, सर्टिफिकेट पोस्टाने आलं. कौन्सिलकडे ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून चढवायला गेले तर चढलं नाही. त्यांनी मला फोन करून एकच विचारलं, "मॅडम, आता हे फ्रेम करून लावू कुठे?" तेव्हापासून मी तीनच गोष्टी विचारते. कौन्सिलच्या रजिस्टरवर चढतं का, प्रत्यक्ष पेशंटसोबत किती दिवस, आणि शिकवणाऱ्याला केस घेऊन फोन करता येतो का. तिन्हीला नाही असेल तर दीड लाख सोडा, दीड हजारही देऊ नका. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या फेलोशिप असतात, मान्यता असलेल्या हॉस्पिटलात जाऊन करायच्या, पण त्याला कुडाळचं क्लिनिक बंद ठेवून राहावं लागेल, आत्ता नातू लहान असताना मी तेही सुचवणार नाही. मधुमेहाचे महिन्याला एक दिवस जाऊन करायचे वर्षभराचे सर्टिफिकेट कोर्सही असतात, ते जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांना छान, तुमच्या मुलीला त्यातलं बरंचसं येत असेल.

तेव्हा हप्ता भरू नका. आणि आजींना सांगा, दोनचा एक रविवार करायला तिला मी सांगितलंय, पण तो एक रविवार नातू मात्र तुमच्याकडेच राहील.