एल्कसाठी मिडियम बोअर घेतेयस तर आधी हे वाच

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला, एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला मिडियम बोअर, म्हणजे मध्यम जाडीच्या गोळीची रायफल, .३३८ विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) घेऊ का सरळ .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड), आणि पुढच्या वर्षी अलास्कात मूसला (एल्कहूनही मोठं हरीण) पण तीच चालेल ना. उत्साह बघून खूप बरं वाटलं. पण आजवर तू कॉलेजात एनसीसीची पॉइंट टूटू चालवलीस, तिथून एकदम .३३८ वर उडी मारू नकोस. मुलगी आहेस म्हणून नाही सांगत, मी ऐंशी किलोचा गडी होतो तेव्हा मलाही ती झेपली नव्हती, तेच आधी सांगतो.

डेन्व्हरला आल्यावर चार-पाच वर्षांनी मी .३३८ घेतली, तीही अगदी हलकी रायफल, डोंगर चढायला बरी म्हणून. .३०-०६ (इथली नेहमीची शिकारी रायफल) च्या दीडपटीहून जास्त धक्का आणि वर वजन कमी, रेंजवर वीस काडतुसं मारली की खांदा काळानिळा. मी दात आवळून म्हणायचो सवय होईल. ऑक्टोबरात १८० यार्डांवर एल्क आडवा उभा, टेकायला छान ओंडका, आणि मी घोडा दाबताना डोळे मिटले. गोळी खांद्यामागे जायची ती पोटात गेली. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरलो, सापडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी घळीत, मांस आंबून गेलेलं. त्या जनावराचे ते रात्रभराचे हाल माझ्या धक्क्याच्या भीतीमुळे झाले, अजून आठवलं की पोटात कालवतं. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, जी रायफल तू पन्नास वेळा न दचकता मारू शकतेस त्यातली सगळ्यात मोठी घे, त्याच्या वरची नको.

कोलोरॅडोत एल्कला कायद्याने किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाऊंड एनर्जी एवढंच लागतं. हा तळ झाला, पण त्यावरून कळतं की .३३८ नसली तर एल्क पडणारच नाही असं काही नाहीये. चांगली १८० ग्रेनची गोळी घातलेली .३०-०६ या सीझनला तुला पुरेल आणि उरेल.

मग मिडियम बोअर कशाला? दाट झाडीत मूससारखं पाचशे-सहाशे किलोचं जनावर नेहमी आडवं उभं राहत नाही, तिरकं असतं, मध्ये खांद्याचं हाड येतं, आणि तिथे लांब जड गोळी मध्यम वेगाने जाते ती सरळ आतपर्यंत जाते, भोक मोठं पाडते आणि मांस कमी नासवते, वेगवान मॅग्नम जवळून मारली की अर्धा खांदा रक्ताळून फेकावा लागतो ते बघितलंय मी. यात मला दोन काडतुसं मनापासून आवडतात. एक ९.३×६२, बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ मध्ये काढलेलं, २८६ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २३६० फूट वेगाने. दुसरं .३५ व्हेलन, .३०-०६ चीच केस (काडतुसाचं पितळी कवच) तोंडाशी रुंद केलेली, १९२२ चं, पण रेमिंग्टनने फॅक्टरीत बनवायला घेतलं ते १९८८ मध्ये. दोन्ही .३०-०६ च्याच लांबीच्या अॅक्शनमध्ये (रायफलचा काडतूस आत घेणारा भाग) बसतात आणि धक्का .३३८ पेक्षा कमी, खांद्याला ढकलल्यासारखा. २०० यार्डांवर झिरो केलंस, म्हणजे नेम त्या अंतराला जुळवलास, तर ३०० ला दहा इंचांच्या आसपास खाली पडेल, .३३८ आठएक इंच पडते, त्या दोन इंचांसाठी एवढा मार कशाला खायचा? छोट्या गावातल्या दुकानात ९.३ ची काडतुसं मिळतीलच असं नाही, हा एक तोटा आहे, त्यामुळे तू व्हेलन घे. .३७५ फार गुणी आहे, १९१२ पासून आफ्रिकेत रानम्हशीपर्यंत सगळं मारत आलंय, पण त्याला लांब अॅक्शन, जड रायफल, आणि तू तर पाठीवर मांस घेऊन दहा हजार फुटांवर चालणार.

कॅलिबरइतकाच वेळ गोळी निवडण्यात घाल. जॉन नॉस्लरच्या गोळ्या १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसवर वरच्या वरच फुटल्या म्हणून त्याने पार्टिशन नावाची गोळी बनवली, आत तांब्याची आडवी भिंत, पुढचं शिसं फुलतं, मागचं शाबूत राहून पुढे घुसतं. माझ्या टेबलाच्या खणात एक आहे, २५० ग्रेनची होती, आता १७० भरते, पुढून अळंबीसारखी उमललेली आणि मागून जशीच्या तशी. आलीस की हातात घेऊन बघ. अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही उत्तम, मांसात शिशाचे कण राहत नाहीत, घरी लहान मुलं खाणार असतील तर त्याच घे.

आणि तू एच-वन बीवर आहेस हे विसरू नकोस. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक काय, नुसतं काडतूस जवळ ठेवायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट. म्हणजे आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग दुकान, आणि लायसन्सची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेव. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, घरी विचारायला कोणी नसतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

लायसन्स हातात आलं की फोन कर, शनिवारी रेंजवर जाऊ. माझी .३०-०६ आणि व्हेलन दोन्ही आणतो. मॅगझिन मी भरणार, तू बघायचं नाही, खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन डमी, म्हणजे न उडणाऱ्या खोट्या गोळ्या, मिसळलेल्या असतील. डमीवर घोडा पडला आणि नळीचं टोक खाली झुकलं की समजायचं दचकलीस, मला बोलायची गरजच नाही, तुझं तुलाच दिसेल. व्हेलनवर टोक हललं नाही तर त्याच दिवशी दुकानात जाऊ. हललं तर या वर्षी .३०-०६, मी उसनी देतो. कानाला डबल प्रोटेक्शन आण, आत प्लग आणि वर मफ.